गॉलिंग!

परवा रात्री लेकीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, गॉलिंग म्हणजे काय हो?"

मी ताडकन सांगितलं, "एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, नट बोल्टवर चिकटून बसतो ते!" सातपूर एमआयडीसीत फिटरकी करताना हा शब्द मी जन्मभर ऐकतोय. एसएसचा नट एसएसच्याच बोल्टवर जोरात फिरवला, की वरचा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा घासून जातो, उघडा धातू उघड्या धातूला धरतो आणि आटे खरवडतात. पाना पुढेही जात नाही, मागेही येत नाही. शेवटी बोल्ट कापायचा.

"पण इथे नट-बोल्ट नाहीच," ती म्हणाली. "एका माणसाला माफी मागायची वेळ आलीय, ते त्याला गॉलिंग वाटतंय."

डिक्शनरी काढली आणि मी उभाच राहिलो! हे तर विशेषण! आणि त्याच्या मुळाशी 'गॉल', म्हणजे घासून घासून कातडीवर पडलेली जखम, खोगिराखाली घोड्याच्या पाठीवर पडते ती. अहो, ही तर आपली खांदेसूज! जू घासून बैलाचा खांदा सुजतो, सोलवटतो, तीच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आमचे वडील हळद आणि लोणी घेऊन बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत राहायचे, आणि बैल डोळे अर्धे मिटून उभा असायचा.

तीच जखम इंग्रजीने माणसाच्या मनाला लावली! डास चावला, लाइट गेली, ते गॉलिंग नव्हे. तो नुसता वैताग. इथे मानाला घासलं पाहिजे. ज्याला पाना धरायला शिकवलं, त्याच्याच हाताखाली काम करायचं. चूक दुसऱ्याची आणि माफी आपण मागायची. हे मी एका ठिकाणी सोसलंय, पण त्याला इतका नेमका शब्द आहे हे मला ठाऊकच नव्हतं!

लेक म्हणाली, मराठीत 'सलणारं' म्हणू या. मला ते पटेना. सल आत रुतून राहतो, इथे तर घासणं आहे. 'झोंबणारं' म्हणावं. मीठ सोलवटलेल्या कातडीलाच झोंबतं ना?

सकाळी पहिल्या पाळीत, नट चिकटू नये म्हणून, बोल्टच्या आट्यांना अँटीसीझची रुपेरी पेस्ट लावत होतो. बोट आट्यांवरून सावकाश फिरत होतं, आणि मला वडिलांचा हळदीने पिवळा झालेला हात दिसत होता.