निकालपत्रावरचे दुसरे नाव

गोंदिया जिल्ह्यात आता घोड्याशी कोणाचे फारसे नाते उरलेले नाही. टांग्याचा घोडा रस्त्यावरून गेला. नवरदेवाला मिरवणारा तेवढा राहिला. आपला मुलूख धानाचा, तळ्यांचा आणि बैलांचा. धान घरात आले की गावोगाव शंकरपट भरतो, दिवसा जोड्या धावतात आणि रात्री झाडीपट्टीची नाटके रंगतात. अशा मुलखात राहून आम्ही दूरदेशीच्या घोड्यांच्या उड्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु त्या घोड्यांनी आमच्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो थेट आपल्या गोठ्यातला आहे.

या खेळाला शो जंपिंग म्हणतात. मैदानात रंगीत दांड्यांचे, भिंतींचे, पाण्याचे अडथळे मांडलेले असतात. स्वाराने ते ठरलेल्या क्रमाने घोड्यावरून ओलांडायचे. दांडा पडला तर चार दोष. घोडा अडला तर त्याचे दोष वेगळे. ज्याचे दोष सर्वांत कमी, तो विजयी. निकालपत्रावर स्वाराच्या नावाशेजारी घोड्याचेही नाव छापतात, ही या खेळाची रीत आम्हांस फार आवडते.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षे हा या खेळाचा वैभवकाळ. चिली देशातील कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेल यांनी ५ फेब्रुवारी १९४९ रोजी उआसो नावाच्या घोड्यावरून २.४७ मीटर उंच उडी घेतली. तो विक्रम आजही अबाधित आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळाले, तेही हॅरी लुएलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. लुएलिन यांचा घोडा होता फॉक्सहंटर. इटलीचे पिएरो आणि रायमोंदो दिंझेओ हे सख्खे भाऊ तर एकमेकांशीच स्पर्धा करीत. परंतु या सर्वांत आमचे मन गुंतले ते हाला नावाच्या एका जर्मन घोडीत.

हालाचा जन्म १९४५ चा. तिची आई युद्धात जर्मनांच्या हाती लागलेली फ्रेंच घोडी. घराणे दुडक्या चालीच्या शर्यतीतल्या घोड्यांचे, उड्यांचे नव्हे. स्वभाव तापट. तिला आधी दुसऱ्या एका स्पर्धाप्रकारासाठी तयार करून पाहिले गेले आणि ती निरुपयोगी ठरली. पुढे मालकाने तिला हान्स ग्युंटर विंकलर या तरुण स्वाराच्या हाती सोपविले. धाकाने ही घोडी वठणीवर येणारी नव्हती. विंकलरने धीराने तिचा स्वभाव ओळखला आणि १९५४ व १९५५ अशी सलग दोन वर्षे तिच्यावर बसून तो जगज्जेता झाला.

१९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला होते. परंतु परदेशी घोड्यांविषयीचे ऑस्ट्रेलियाचे नियम इतके कडक, की घोडेस्वारीच्या स्पर्धा स्टॉकहोम येथे घ्याव्या लागल्या. पहिल्या फेरीत शेवटून दुसऱ्या अडथळ्यापाशी हालाने उडी जरा लवकर घेतली. विंकलर खोगिरावरून उचलला गेला आणि त्याच्या जांघेचा स्नायू फाटला. संघात तीनच स्वार आणि तिघांचेही गुण धरले जाणार. त्याने माघार घेतली असती, तर संघच बाद झाला असता. म्हणून तो दुसऱ्या फेरीस पुन्हा घोडीवर बसला.

ज्या पायांच्या दाबाने स्वार घोड्याशी बोलतो, ते पाय निकामी झालेले. प्रत्येक उडीगणिक तो कळवळत होता. दिशा दाखविण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. उरलेले सर्व घोडीने केले. एकही दांडा न पाडता ती पार झाली. विंकलरचे दोष चार, रायमोंदोचे आठ, पिएरोचे अकरा. वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही सुवर्णपदके हालाच्या पाठीवरून आली.

त्या वर्षीच अमेरिकेत एक वेगळी कथा घडली. हॅरी डेलेयर हा डच स्थलांतरित घोडेस्वारी शिकवून पोट भरी. घोड्यांच्या लिलावास तो उशिरा पोहोचला. उरलेली जनावरे खाटिकखान्याच्या ट्रकमध्ये चढविली होती. त्यांतला एक पांढुरका, नांगराला जुंपून झिजलेला घोडा त्याने ८० डॉलरना सोडविला. पुढे तो शेजाऱ्यास विकला, तर तो कुंपणे ओलांडून पुन्हापुन्हा डेलेयरच्या दारी येई. अखेर डेलेयरने त्याला परत घेतले. दोन वर्षांत, १९५८ मध्ये, हाच स्नोमॅन अमेरिकेतील सर्वोत्तम उडीबाज घोडा ठरला.

हे सर्व ऐकून कोणी असे समजू नये, की तो काळ केवळ प्रेमाचा होता. उडी उंच जावी म्हणून दांडा उचलून घोड्याच्या पायांवर मारण्याची क्रूर रीत या खेळातही होती; ती आता निषिद्ध आहे. आपल्याकडील तुतारीची आर काही तिच्याहून सौम्य नाही.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध धुरकरी आहेत. पटाच्या दाणीवर त्यांची जोडी एके काळी गाजलेली. त्यांना आम्ही हालाची हकिगत सांगितली. त्यांनी पदकांची चौकशी केली नाही. घोडी थकल्यावर तिचे काय झाले, एवढेच विचारले.

सुदैवाने आमच्यापाशी उत्तर होते. १९६० मध्ये रोमला आणखी एक सांघिक सुवर्णपदक मिळवून हाला निवृत्त झाली. त्यानंतर तिची शिंगरे झाली. ती १९७९ मध्ये, चौतिसाव्या वर्षी वारली. तिचे नाव पुन्हा कोणत्याही घोड्यास द्यायचे नाही, असे जर्मन संघटनेने ठरविले. उआसोवर त्या एका उडीनंतर स्पर्धेचे ओझे कधी घातले गेले नाही. स्नोमॅन १९७४ मध्ये डेलेयरच्याच घरी वारला.

बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. पट पुन्हा भरू लागले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु कायदा शर्यतीच्या दिवसापुरता पाहतो. बक्षीस आणणारी जोडी धावेनाशी झाली, की तिचा दावा कोणाच्या हाती जातो, हे त्याला दिसत नाही. ते मालकाला दिसते आणि त्याच्या घरातील मुलांना दिसते.

स्टॉकहोमला स्वार असहाय झाला, तेव्हा घोडीने त्याला पैलतीरी नेले. निवृत्तीनंतरची एकोणीस वर्षे तिच्याकडून एकही पदक मिळणार नव्हते, तरी तिला चारा, पाणी आणि सावली मिळत राहिली. वृद्ध धुरकऱ्यांनी ते ऐकले, मान हलविली आणि ते वैरण टाकण्यासाठी उठले. त्यांच्या गोठ्यात दोन म्हातारे बैल अजून बांधलेले आहेत.