वांद्र्याचा मुक्काम आणि जीवदयेचा हिशेब

२०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाले आणि ऑपेरा हाऊसचा हिरेबाजार वांद्र्याकडे सरकला. व्यापाऱ्यांचा मुक्कामही तेथील पंचतारांकित हॉटेलांत पडू लागला. सोफिटेलमध्ये तर ‘टस्कर्स’ हे स्वतंत्र शाकाहारी उपाहारगृहच आहे. चौविहाराची वेळ मात्र आधी कळवावी.

अशा हॉटेलांच्या जाहिरातींत आता ‘पाळीव प्राण्यांचे स्वागत’ आणि ‘पर्यावरणस्नेही’ हे शब्द झळकतात. पहिला शब्द जैन समाजास नवा नाही. १८३२ मध्ये भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून मुंबईत दंगल उसळली. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. हॉटेलाचे दार मालकासह येणाऱ्या श्वानास उघडते; पांजरपोळीचे दार ज्याला मालकच नाही, त्याच्यासाठी उघडले.

दुसऱ्या शब्दाची कसोटी खिडकीबाहेर आहे. हे संकुल मिठीकाठच्या दलदलीवर भराव घालून वसले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीने आपली जागा परत मागितली. म्हणून पाण्याचा आणि उरलेल्या अन्नाचा हिशेब पाहुण्याने अवश्य विचारावा. ताट धुऊन पिणाऱ्या घराला तो अधिकार निश्चितच आहे.