उरलेली गाणी

जबलपूरला येऊन आठ महिने झाले. सिग्नल्सच्या माणसाला हे गाव सहसा चुकत नाही, आमचं ट्रेनिंग सेंटरच इथलं. भेडाघाटावर लिहायचं राहिलंय, ते पुन्हा केव्हातरी. आज एका भांडणाबद्दल.

सदर बाजाराच्या अलीकडे एक निवृत्त कर्नल राहतात, मूळचे साताऱ्याचे. रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात खोव्याची जलेबी आणि रेकॉर्ड प्लेअर. हजेरीला मी आणि माझ्या हाताखालचा एक कॅप्टन, डोंबिवलीचा. मागच्या महिन्यात साहेबांनी लेड झेपेलिनचा 'कोडा' लावला आणि पहिली बाजू संपायच्या आतच जुंपली.

ज्यांना या बँडचं फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ड्रमर जॉन बोनम २५ सप्टेंबर १९८० रोजी गेला, वय ३२. बाकीच्या तिघांनी दुसरा ड्रमर घेतला नाही, डिसेंबरात बँड बंद केला. नोव्हेंबर १९८२ मध्ये 'कोडा' आला: जुन्या आल्बममधून गाळलेली आठ गाणी, जेमतेम तेहतीस मिनिटं. काही १९७० ची, तीन १९७८ मध्ये स्टॉकहोमला केलेली, आणि एक तुकडा नुसत्या ड्रमचा.

"शिळी पोळी," कर्नलसाहेब म्हणाले. "ज्यांनी वाजवलं त्यांनीच एकदा नको म्हटलं होतं ना? मग विषय संपला."

"सर, फोडणीची पोळी ताज्या पोळीपेक्षा चांगली लागते," कॅप्टन म्हणाला. वर 'फिजिकल ग्राफिटी'चा दाखला दिला. १९७५ च्या त्या डबल आल्बममध्ये पंधरापैकी सात गाणी आधीच्या आल्बममधून उरलेली आहेत, आणि लोक त्याला त्यांचं सर्वोत्तम काम म्हणतात.

साहेबांनी हे खोडलं, आणि मला ते पटलं. १९७५ मध्ये उरलेलं निवडणारे चौघंही हयात होते. 'कोडा'च्या वेळी ज्याला विचारायला हवं होतं तोच नव्हता. 'वी आर गॉना ग्रूव्ह' हे गाणं जानेवारी १९७० च्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या कार्यक्रमातलं. आल्बममध्ये घेताना प्रेक्षकांचा आवाज काढला आणि वरून नवी गिटार चढवली. बोनमला हे चाललं असतं का? आणि उरलेल्यातलं सगळ्यात चांगलं गाणं, 'हे हे व्हॉट कॅन आय डू', तर त्या आठात नव्हतंच!

कॅप्टनकडे हुकमाचं पान होतं. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत स्टुडिओत गेले आणि तिथल्या वादकांना घेऊन स्वतःचीच दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', नव्याने करून पाहिली. तबला, तंतुवाद्यं, सगळं आपल्याकडचं. 'फोर स्टिक्स' पाच आणि सहा मात्रांत उड्या मारतं. मुंबईचे वादक आधी जरा चाचपडतात आणि मग एका जागी असे काही बसतात की मान आपोआप हलते. हे रेकॉर्डिंग त्रेचाळीस वर्षं अधिकृतपणे बाहेर आलंच नाही. चोरून केलेल्या प्रती फिरत राहिल्या. शेवटी २०१५ मध्ये ते आलं, तेही 'कोडा'च्याच वाढीव आवृत्तीत. "गाळलेलं सगळं फेकायचं, तर हेही फेकायचं का सर?" कर्नलसाहेबांनी जलेबी उचलली. त्यांच्याकडे उत्तर नसलं की ते जलेबी उचलतात.

मी गप्प होतो. हेच भांडण मी पंचवीस वर्षांपूर्वी खडकवासल्याला केलं होतं आणि तेव्हा मोठ्याने बोलणारा मीच होतो.

'कोडा'ची कॅसेट मी सुट्टीहून येताना मुंबईच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणली होती. शेजारच्या कॅबिनमधला कोर्समेट नागपूरचा, त्याला ती जीव की प्राण. कॅबिनमध्ये टेपरेकॉर्डर ठेवायची परवानगी होती की नव्हती, यात मी आज पडत नाही. तो म्हणायचा, चुकलेल्या टेकमध्येच माणूस सापडतो. मी म्हणायचो, परेडला उतरतो ती कवायत खरी, सरावात चुकलेली पावलं कुणाला दाखवतो का आपण? तो गिटार बरी वाजवायचा. एका सी-९० कॅसेटवर त्याने एकच गाणं सहा-सात वेळा रेकॉर्ड केलं, एकदाही धड पूर्ण झालं नाही. पासिंग आउटच्या आदल्या रात्री ती कॅसेट माझ्या ट्रंकेत टाकून म्हणाला, "हा माझा कोडा. फेकू नकोस."

चार वर्षांनी डोंगरातल्या एका रस्त्यावर त्याची गाडी घसरली. चकमक नाही, पदक नाही. पावसात एक वळण.

कॅसेट माझ्यासोबत अकरा पोस्टिंग फिरली. त्याच्या आईला मी ती कधी दिली नाही. काय देणार? अर्धवट गाणं, शिव्या आणि शिट्टी? असंच मी स्वतःला समजावत आलो. खरं तर मलाच ती ऐकायची भीती वाटत होती.

त्या रविवारनंतर ती कॅसेट कॅप्टनला दिली. त्याने आठवडाभर संध्याकाळी बसून ती कॉम्प्युटरवर घेतली आणि पेन ड्राइव्हवर दोन फाइली दिल्या. एक जशीच्या तशी, त्रेचाळीस मिनिटांची. दुसरी साफ केलेली: खरखर नाही, शिव्या नाहीत, वेगवेगळ्या टेकमधले बरे तुकडे जोडून चार मिनिटांचं एक सलग गाणं. काम सुरेख होतं. सिग्नल्सवाल्याला शोभेल असं.

जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूर पाच-सहा तासांचं. शनिवारी गेलो. काकू आता ऐंशीच्या जवळ आल्यात, कानाला यंत्र आहे. मी आधी साफ केलेली फाइल लावली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. "छान वाजवायचा," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पण यात खोकला नाही रे त्याचा."

वाजवताना तो खोकायचा, लहानपणापासूनची सवय. मी विसरलो होतो.

दुसरी फाइल लावली. त्रेचाळीस मिनिटं आम्ही दोघं बसून होतो. तो चुकतो, शिवी देतो, खोकतो, पुन्हा सुरू करतो. शिवीला काकू हसल्या. शेवटाकडे लांबून एक आवाज येतो: "अरे बंद कर आता, झोपू दे."

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तू नेहमीच असा होतास का?" म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

पेन ड्राइव्ह त्यांच्याकडे ठेवून आलो. साफ केलेली फाइल त्यांनी पुन्हा लावली नाही, हे मी कॅप्टनला सांगितलेलं नाही. पोराने आठवडाभर राबून केली होती. कर्नलसाहेबांना मात्र सगळं सांगितलं. ते ऐकून बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी 'कोडा'ची दुसरी बाजू लावली. 'डार्लिन' सुमारच गाणं आहे, हे माझं मत अजूनही कायम आहे.