आष्ट्याची वाट आणि सांगलीचे नाटक

सांगलीहून इस्लामपूरकडे, म्हणजे आताच्या ईश्वरपूरकडे निघाले, की १९२९ साली बांधून झालेला कृष्णेवरचा आयर्विन पूल ओलांडावा लागतो. पलीकडे सांगलीवाडी. मग कसबे डिग्रज, तुंग अशी गावे मागे टाकीत साधारण वीस किलोमीटरवर आष्टा येते. वाळवा तालुक्यातले हे मोठे गाव. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. मधल्या काळ्या रानात जिकडे पाहावे तिकडे ऊस, अधूनमधून हळद, सोयाबीन, भाजीपाला. दिवाळी सरली आणि कारखान्यांची धुराडी पेटली, की या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते.

आष्ट्याच्या माणसाला ही वाट नवी नाही. दवाखाना, कॉलेज, कोर्टकचेरी, हळदीचा सौदा, सगळ्यासाठी सांगलीच गाठायची. पण या वाटेची आणखी एक मौज आहे. आष्ट्याहून सांगलीला जाऊन तसेच परत आले, की जवळजवळ एक मॅरेथॉन पुरी होते! मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरांची दौड. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावले गेले आणि पुढे तेच कायम झाले.

ही शहरी लोकांची हौस आहे, असे कुणी समजू नये. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तीन वर्षे भारतीय महिलांत पहिली आली. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तिने तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. खुद्द साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटातून अर्धी मॅरेथॉन होते, ती २०१२ पासून सुरू झाली. आणि पहाटे कोणत्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पाहा. पोलीस भरतीचे सोळाशे मीटर डोळ्यांसमोर ठेवून पोरे धावत असतात. आता पोरीही धावतात.

धावण्याचा आणि नाटकाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. तो सांगण्यासाठी या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, सांगलीत जावे लागेल.

सांगली हे मराठी नाटकाचे माहेर. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' उभे राहिले. म्हणून ५ नोव्हेंबर हा दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पण पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, राजाश्रय तुटला, डोक्यावर कर्ज राहिले. तेव्हा भाव्यांनी मंडळी गोळा करून गावोगाव खेळ केले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून नाटक केले. नाटकाला कला लागते तसा पैसाही लागतो, हे सांगलीकरांना पहिल्यापासून ठाऊक आहे.

नाटकाने दुसऱ्यांसाठीही पैसा उभा केला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांचे गाव म्हणून ओळखले जाणारे कृष्णाकाठचे नागठाणे आष्ट्यापासून फार लांब नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, शाळेच्या खोलीसाठी नाटके बसवल्याचे आपल्या गावागावांतले वडीलधारे आजही सांगतील.

आता उलट फेड करण्याची वेळ आली आहे. नाटकाने आजवर इतरांची झोळी भरली. पण नाटकाच्या अशाही काही शाळा आहेत, की ज्यांचीच झोळी कोणी तरी भरायला हवी. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांची बुद्धी सावकाश चालते किंवा ज्यांना चाकाची खुर्ची लागते, अशा मुलांना रंगमंचावर उभे करणाऱ्या या संस्था. मुंबईत कांचन सोनटक्के यांची 'नाट्यशाला' १९८१ पासून हे काम करीत आली. स्वागत थोरात यांनी १९९७ मध्ये पुण्याच्या ८८ अंध मुलामुलींना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हे नाटक केले, आणि पुढे अंध कलावंतांचेच 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणले. मराठीतले 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८ साली त्यांनीच सुरू केले.

अशा नाटकाची तालीम फार सावकाश चालते. अंध नटाला रंगमंचाची लांबीरुंदी पावले मोजून पाठ करावी लागते. सोबत्याचा आवाज कुठून येतो त्यावरून तोंड कुठे करायचे ते ठरते. ऐकू न येणाऱ्या मुलाला इशारा दिव्याच्या उजेडाने किंवा हाताच्या खुणेने द्यावा लागतो. इतर मंडळी महिन्यात बसवतात त्याला इथे कैक महिने लागतात. प्रत्येक मुलाला आणायला-न्यायला माणूस हवा, गाडी हवी, खाणे हवे. तिकिटाच्या पैशात हे भागत नाही. पण त्या मुलाला चार लोकांत उभे राहण्याचा धीर येतो, बोलणे सुधारते. आणि टाळ्या पडतात तेव्हा त्या दयेच्या नसतात, कामाच्या असतात.

पैसा उभा करण्याची नवी रीत मॅरेथॉनने दाखवली. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिथे धावणारा एखादी नोंदलेली संस्था निवडतो आणि सोयऱ्याधायऱ्यांना म्हणतो, "मी एवढे अंतर धावतो, तुम्ही या कामाला काही द्या." देणगी त्याच्या खिशात येत नाही, संस्थेकडे जाते. अशा रीतीने तिथे दर खेपेला कोट्यवधी रुपये जमतात.

हे आष्ट्यासारख्या गावात का होऊ नये? एकट्यानेच ४२ किलोमीटर धावावे असे कुठे आहे? ४२ माणसांनी एकेक किलोमीटर वाटून घ्यावा. तरण्यांनी धावावे, म्हाताऱ्यांनी चालावे. ज्याला दिसत नाही त्याने सोबत्याच्या हातातल्या दोरीचे दुसरे टोक धरून धावावे. अंध धावपटू जगभर असेच धावतात. प्रत्येकाने दहा ओळखीच्यांकडून पन्नास-पन्नास रुपये आणले, तरी एकवीस हजार जमतात. मात्र हिशेब चोख हवा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का ते पाहावे, पैसे तिच्या बँकखात्यातच भरावेत, पावत्या घ्याव्यात आणि जमाखर्च चौकात फळ्यावर लिहावा. दौड उसाच्या हंगामात ठेवू नये. ठेवायचीच तर पोलिसांना आधी कळवावे आणि समोरची वाहने दिसतील अशा कडेने पळावे. छातीचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये.

आष्ट्याला सोंगाचे वावडे नाही. चौंडेश्वरीची भावई इथे पावसाळ्याच्या तोंडावर होते. मुखवटे चढतात, वाद्ये वाजतात, सारा गाव लोटतो. पण अशा दिवशीच गावोगाव एखाद्या घरात एक मूल आत ठेवलेले असते. गर्दीत हरवेल, लोक हसतील, म्हणून आई त्याला दाराशी बसवते. त्याला वाद्ये ऐकू येतात, किंवा नुसतीच गर्दी दिसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगांना समान हक्क दिले आणि त्यात खेळ, करमणूक, कलाही आल्या. पण कायदा काही त्या मुलाचा हात धरून त्याला मांडापर्यंत नेत नाही. ते काम घरच्यांचे आणि शेजाऱ्यांचे.

म्हणून ज्यांच्या घरी असे लेकरू असेल त्यांनी त्याला लपवू नये. शाळेच्या संमेलनात त्याच्यासाठी एक काम मागून घ्यावे, दोन वाक्यांचे का असेना. शिक्षकांनी नाही म्हणू नये. आणि ज्यांचे पाय धडधाकट आहेत त्यांनी त्या पायांचा थोडा उपयोग या लेकरांसाठी करावा. सांगलीची वाट वीसच किलोमीटरची आहे. आपले पूर्वज ती बैलगाडीने, पायी तुडवीत नाटक पाहायला जात. आपण ती नाटक उभे करायला धावू.