तीन दिवसांत छापून देणाऱ्यांविषयी

चि. मेघना,

तू पाठवलेली त्या नियतकालिकाची ईमेल वाचली. तीन दिवसांत स्वीकृती, अठराशे रुपये फी आणि वर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. आयएसएसएन क्रमांक ठळक छापलाय खरा, पण ती नुसती नोंद असते, दर्जाशी तिचा संबंध नाही. तुझं प्रमोशन अडलंय, घरचेही विचारत असतील, हे मला कळतं. तरी तिथे पेपर पाठवू नकोस.

२०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक खोटा शोधनिबंध रचला होता. शैवाकातला एक रेणू कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतो, असा दावा. प्रयोगातल्या चुका मुद्दाम ढळढळीत ठेवल्या. ३०४ नियतकालिकांकडे धाडला, १५७ जणांनी स्वीकारला! आपल्याकडे २०१०पासून बढतीसाठी प्रकाशनांचे गुण मोजायला लागले आणि पैसे घेऊन छापण्याचा हा धंदा फोफावला. पुण्यातले संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) यादीत आलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तर सुमारे ८८ टक्के निकषांना उतरली नाहीत. हे २०१८चं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून काढली. म्हणजे सरकारमान्य यादीवर विसंबून पेपर पाठवणाऱ्या कितीतरी प्रामाणिक शिक्षकांची फसगत झाली. त्यांना दोष देणं मला पटत नाही.

पण तुझ्या हातात आहे ते यवतमाळच्या गावांमधलं पाणी. तुझा तिसरा तक्ता मी पुन्हा पुन्हा पाहिला. एकाच हापशाचं फ्लोराइड उन्हाळ्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर आणि पावसाळ्यानंतर खाली. चांगला परीक्षक इथेच थांबेल. नमुना घेण्याआधी हापसा किती वेळ चालवला? फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड त्याच दिवशी कॅलिब्रेट केला होता का? नमुन्यात मिसळायचा टिसॅब बफर दोन्ही वेळी तोच होता का? या प्रश्नांची उत्तरं पेपरमध्ये नाहीत. वहीत असतीलच, ती घाल. उद्या कुणी अभियंता तुझा तक्ता पुढे ठेवून हापसा बंद करायचं ठरवेल. आकडा चुकला असेल तर तिथल्या बायका विनाकारण लांबून पाणी आणतील. आकडा बरोबर असूनही पेपर कुणी वाचत नाही अशा जागी पडून राहिला, तर दातांवर तपकिरी डाग घेऊन मुलं तेच पाणी पीत राहतील. अठराशे रुपये घेणारा यातलं काहीही विचारणार नाही, म्हणून माझा जीव तुटतो.

विभागप्रमुखांचं नाव लेखकांत घालायचं नाही. नमुने त्यांनी घेतले नाहीत, मसुदा वाचलाही नाही. प्रयोगशाळा वापरू दिली, त्याबद्दल आभार मान, मनापासून मान. ते चिडले तर मला सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

आणि घाईने दोन ठिकाणी एकदम पाठवू नकोस. पहिल्याचा नकार हाती आला की मगच दुसरीकडे. नकाराबरोबर आलेले शेरे मला दाखव, दोघी बसून वाचू. त्यात सहा महिने जातील, कदाचित वर्षही. या फेरीचं प्रमोशन हुकेल, ते मी नाकारत नाही.

नमुन्यांची वही रविवारी घेऊन ये. हापशांची नावं आणि तारखा तक्त्याशी ताडून बघू.

तुझी,
आत्या