पाल पालतेस गो?

तुमच्या ऑफिसात पेट म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? लॅब, पग, फार तर पर्शियन मांजर. पण वन-रूम-किचन भाड्याचं, सोसायटीचा सेक्रेटरी कुत्र्याचं नाव काढताच भुवया चढवणारा आणि घरी पोचायला रोज साडेनऊ. अशा पब्लिकच्या मनात हल्ली एक पाल भरलीय. हो हो, पालच! लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, गुबगुबीत शेपूट आणि चेहरा असा की, कुठल्या तरी जुन्या जोकवर गालातल्या गालात हसतेय. भुंकत नाही, फिरायला न्यावं लागत नाही, मोठी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा जेवते. शिवाय आपण बॅग टाकून पंखा लावतो त्याच सुमारास ही उठते. सॉलिड ना?

माझ्या एका मैत्रिणीने हे फारच मनावर घेतलं. ती बेलापूरला आयटीत आहे आणि राहते तिथल्याच दिवाळे गावात. तिची पाल अजून आलेली नाही. पालीचं घर मात्र एप्रिलपासून तयार आहे. गणपती उरकल्यावर एका रविवारी ते रिकामं घर बघायला गेले.

हार्बर लाइनने बेलापूरला उतरलं की बाहेर सगळं सिडकोचं. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, लंच टाइमला गळ्यात आयकार्ड अडकवून फिरणारी पोरं. रिक्षावाल्याला 'दिवाळे गाव' सांगायचं. थोड्याच वेळात रस्ता अरुंद होतो आणि नाकाला कळतं की आलं गाव. सुकत घातलेली मासळी. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनींवर ही नवी मुंबई उभी राहिली. गावठाणं मात्र मध्येमध्ये तशीच राहिली. दिवाळे त्यातलं कोळ्यांचं गाव, पनवेल खाडीच्या काठावरचं. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरच्या खिडकीतल्या टीव्हीवर कुठली सिरियल चाललीय ते आपल्याला कळतं. कौलारू घरं आता थोडी, बाकी एकावर एक चढलेले स्लॅब. भाडं सेक्टरमधल्या फ्लॅटपेक्षा कमी, म्हणून आमच्यासारखी मंडळी इथे घुसतात. मैत्रिणीची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून खाडी दिसते. ब्रोकर लोक यालाच 'सी व्ह्यू' म्हणतात बहुतेक.

खोलीवर जायच्या आधी ती मला जेट्टीकडे घेऊन गेली. ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडलेल्या, पलीकडे तिवरांची झाडी आणि समोर पसरलेला चकचकीत करडा चिखल. "नीट बघ," ती म्हणाली. दोन मिनिटं काहीच दिसेना. मग चिखलच हलायला लागला. निवट्या! डोक्यावर बटणासारखे डोळे असलेला हा मासा पुढच्या परांवर सरपटतो, मध्येच टुणकन उडी मारतो आणि आपण पाऊल वाजवलं की स्वतःच्या बिळात गडप. पाण्याबाहेर तो राहू शकतो, कारण ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. अंग सुकलं की खेळ खलास. म्हणून त्याला हा चिखल हवा, ही दमट हवा हवी, आणि हाताच्या अंतरावर ओलं बीळ हवं. कोळीवाड्यात याचं कालवण आवडीने खातात, ते वेगळं.

मला वाटलं ही टूर गाइडगिरी करतेय. पण तिला भलतंच दाखवायचं होतं. "याला जे हवं ना," ती म्हणाली, "त्याच्या बरोब्बर उलट माझ्या पालीला हवंय. आणि मी राहते याच्या शेजारी."

हा खरा लोच्या आहे. इंटरनेटवर वाचून, फोटो बघून आपण प्राण्याच्या प्रेमात पडतो आणि तो मुळात राहतो कुठे, हे बघायचं राहून जातं. लेपर्ड गेकोला शास्त्रीय नाव दिलं एडवर्ड ब्लिथ यांनी, १८५४ मध्ये. तिचा मुलूख म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताचा वायव्य कोपरा. कोरडा, दगडधोंड्यांचा प्रदेश. दिवसा ती कपारीत पडून असते आणि संधिप्रकाशात शिकारीला निघते. आपल्या ट्यूबलाइटमागच्या पालीसारखे चिकट तळवे तिला नसतात, त्यामुळे भिंत चढणं तिला जमत नाही. तिला पापण्या असतात, आपली घरची पाल बिचारी जिभेने डोळे पुसते. आणि ती गुबगुबीत शेपूट म्हणजे तिचा प्रॉव्हिडंट फंड. चरबी तिथे साठवलेली असते. शेपूट बारीक दिसायला लागली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

खोलीत गेल्यावर भिंतीच्या कडेला ते घर दिसलं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. समोरून काच, वर जाळी. दुकानदार पिल्लासाठी चपलांच्या खोक्याएवढा डबा देतात, त्याच्या नादी लागू नका. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या या प्राण्याला एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा लागतो. तिचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही. ती स्वतः इकडून तिकडे जाऊन अंगाचं तापमान सांभाळते. छोट्या डब्यात सगळीकडे सारखंच गरम, मग जाणार कुठे?

उबदार बाजूच्या जमिनीचं तापमान ३२ ते ३४ अंश, गार बाजूचं २४ ते २६. परदेशी पुस्तकांत सगळा भर गरम कसं करायचं यावर असतो, कारण तिकडे थंडी. दिवाळे गावात मे महिन्यात उलटं झालं. हीटर बंद असताना गार बाजूच ३३ दाखवत होती! थर्मोस्टॅट लावला होता म्हणून हीट मॅट आपोआप बंद राहिली. तो नसता आणि आत पाल असती, तर भाजून निघाली असती. त्यामुळे खर्चाच्या यादीत पहिलं नाव थर्मोस्टॅटचं, शोभेच्या प्लॅस्टिक कॅक्टसचं नाही. आणि ते प्लगमध्ये लावायचे 'गरम दगड' मिळतात ना, ते मुळीच घेऊ नका. पोट पोळतं.

आतल्या सामानावर मात्र मी फिदा झाले. जमिनीला शहाबादी फरशीचे तुकडे, कुणाच्या तरी ओट्याच्या कामातून उरलेले. फरशी ऊब धरून ठेवते, पुसायला सोपी आणि तिच्यावर चालून नखंही झिजतात. दुकानात रंगीत वाळू मिळते, पण ती किड्याबरोबर पोटात गेली की आतडं तुंबू शकतं, पिल्लांच्या बाबतीत तर जास्तच. लपायच्या जागा तीन हव्यात. एक उबदार बाजूला, एक गार बाजूला आणि तिसरी ओलसर. पहिल्या दोन तिने केल्यात कौलांच्या! गल्लीतलं एक जुनं घर पाडत होते, तिथून चार कौलं मागून आणली, उकळत्या पाण्याने धुतली, कडक उन्हात वाळवली आणि पालथी घातली. तिसरी जागा म्हणजे झाकणाला भोक पाडलेला प्लॅस्टिकचा डबा, आत ओला टिश्यू पेपर. कात टाकताना पालीला तेवढाच ओलावा लागतो. नाही मिळाला तर बोटांभोवती कातडं आवळून राहतं आणि बोट गळून पडतं.

एरवी घरातली आर्द्रता ३० ते ४० टक्के हवी. ओलसर डबा हा अपवाद, आणि सगळी गोम तिथेच. खाडीकाठच्या खोलीत जुलैमध्ये बिस्किटाचा पुडा अर्ध्या तासात मऊ पडतो, चामड्याच्या बेल्टला बुरशी येते. कायम अशा हवेत ठेवलेल्या पालीला फुप्फुसाचा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. मैत्रिणीने रिकाम्या घरात हायग्रोमीटर ठेवून अख्खा पावसाळा वहीत रीडिंग लिहिलं. पहिल्या आठवड्यात आकडा ८४! पाण्याची वाटी छोटी केली, घर खाडीच्या भिंतीपासून उचलून आतल्या भिंतीला आणलं, वरची काच काढून जाळी बसवली. ८० वर आलं. एसी 'ड्राय' मोडवर ठेवला की ५५, बंद केला की तासाभरात पुन्हा चढायला सुरुवात. शेवटी छोटा डीह्युमिडिफायर आणला तेव्हा ४५ च्या आसपास स्थिरावलं. विजेचं बिल तिने मला दाखवलं. ते इथे छापत नाही.

कुणी म्हणेल, पालीसाठी एवढा आटापिटा? पण मला तिची ही पद्धत पटली. आत जीव नव्हता म्हणून ८४ हा नुसता वहीतला आकडा राहिला. आपण काय करतो? शनिवारी प्राणी आणतो, रविवारी त्याच्यासाठी सामान शोधतो आणि जुलैमध्ये डॉक्टर. सरपटणाऱ्या प्राण्यांवर इलाज करणारे डॉक्टर फार थोडे आहेत, त्यामुळे तो नंबरही आधीच फोनमध्ये हवा.

हे सगळं बघून तिची घरमालकीण पहिल्यांदा आली तेव्हा कंबरेवर हात ठेवून म्हणाली होती, "पाल पालतेस गो? घरान कमी हायेत का?" इकडच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, त्यामुळे वाक्य ऐकायला आणखीच भारी. मैत्रिणीने फोनवर फोटो दाखवला. मावशींनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारलं, ही खाते काय?

तर ही खाते जिवंत किडे. भाजी नाही, फळ नाही. रातकिडे, मीलवर्म, खास वाढवलेली झुरळं. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. त्याला आधी गाजर, भाजीपाला खाऊ घालायचा, मग कॅल्शियम आणि डी-३ च्या भुकटीत घोळवायचा. भुकटी टाळली की हाडं वाकतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. किचनमधलं झुरळ पकडून द्यायची आयडिया डोक्यातून काढा, पेस्ट कंट्रोलचं विष थेट तिच्या पोटात जाईल. आणि पाल हाताळून झाली की साबणाने हात धुवा, कारण साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. दोन पाली एकत्र ठेवू नका. 'एकटीला कंटाळा येईल' हे आपलं लॉजिक, तिचं नाही. नरांची तर हमखास मारामारी.

मग अडलंय कुठे? कागदावर. दुकानदार 'एक्झॉटिक है मॅडम, टेन्शन मत लो' म्हणाला, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. (सॉरी, हा मोह आवरला नाही.) कारण ही जात भारताच्या वायव्य भागातही रानात आहे. तिची भावंडं तर थेट आपल्या महाराष्ट्रात. पश्चिम भारतातल्या खडकाळ माळांवर एक जात आहे, आणि सातपुड्यातली आणखी एक २०१४ मध्ये नव्याने नोंदली गेली. ट्रेकला रात्री टॉर्चच्या उजेडात अशी पाल दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला. ती रानाची आहे. ती पिशवीत घातली की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवावा लागेल. पेट शॉपला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तसे नियम २०१८ मध्ये आले. आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. म्हणून मैत्रिणीने दुकानदाराला तीन गोष्टी विचारल्या. तुमचा नोंदणी क्रमांक काय, पाल पिंजऱ्यातच जन्मल्याचा पुरावा आहे का आणि पक्कं बिल देणार का. तिन्हींवर तो हसला. ती परत आली. आता तिने वनविभागालाच लेखी विचारलंय, उत्तर यायचंय. तोवर काच बंद.

आणखी एक हिशेब तिने वहीच्या शेवटच्या पानावर मांडलाय. नीट सांभाळली तर ही पाल पंधरा ते वीस वर्षं जगते. आपला भाडेकरार अकरा महिन्यांचा. पंधरा वर्षांचेच सोळा करार होतात! त्यात लग्न, ऑनसाइट, पुण्याला बदली, काय काय येऊ शकतं. मी विचारलं, सोळा घरमालकांना काय सांगणार? ती म्हणाली, पहिलीला तर सांगून झालंय. पुढचा करार फेब्रुवारीत आहे आणि त्यात एक ओळ वाढवायला मावशी तयार आहेत. पाल चालेल. पण तिची झुरळं आणि रात्रभर किरकिरणारे किडे खोलीत वाढवायचे नाहीत, गच्चीवर ठेवायचे. आणि तेही सुकटीपासून लांब.