पाकोळ्यांसाठी राखलेला अंधार

वाशीमच्या कडेला, जिथं घरं संपून सोयाबीन-तुरीची वावरं लागतात, तिथं माझी परसबाग आहे. पेरू, सीताफळ, मोगरा सगळ्यांकडेच असतो. मी जास्त जीव लावला तो पाकोळ्यांवर. किडे खाणारं हे लहानसं वाघूळ, वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम. दिवस मावळला की ते बागेवर घिरट्या घालू लागतं. आपल्या कानांना न ऐकू येणारे आवाज काढायचे आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून किडा हेरायचा, ही त्याची शिकार. किडा जवळ आला की हे आवाज सेकंदाला शंभराच्याही वर जातात. मग शेपटीकडच्या पडद्याची झोळी करून किडा त्यात झेलायचा आणि उडता उडताच मान वाकवून तोंडात घ्यायचा. संधिप्रकाशात नीट पाहिलं तर त्या क्षणी पाकोळी हवेत गचका खाल्ल्यासारखी दिसते.

हरभऱ्यावरची घाटेअळी आणि कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, दोघींचे पतंग रात्रीच उडतात. 2017 साली बोंडअळीनं विदर्भाची कपाशी कशी पोखरली, ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाकोळ्यांनी वावर वाचेल असं मी म्हणणार नाही. पण एक मादी पतंग शेकडो अंडी घालते. ती अंडी घालण्याआधीच खाल्ली गेली तर तेवढ्या अळ्या कमी.

पूर्वी पाकोळ्यांना वेगळं घर लागत नसे. कवेलूंच्या फटी, सागवानी आढ्यांच्या खाचा, माळवदाच्या भेगा होत्या. आता सगळीकडे स्लॅब. म्हणून मी लाकडी पेटी करतो. मागची फळी खरबरीत हवी, तिच्यावर आडव्या खाचा पाडायच्या, म्हणजे नखांना पकड मिळते. आतली फट पाऊण ते एक इंच. तळ उघडा आणि मागची फळी खाली चार-सहा इंच लांब ठेवलेली, उतरायला. आतून रंग किंवा वार्निश लावायचं नाही. पेटी बारा-पंधरा फुटांवर, समोर फांदी येणार नाही अशी.

थंड देशांतली पुस्तकं पेटी उन्हात टांगायला सांगतात. तो सल्ला वऱ्हाडात जीवघेणा आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा बंद पेटीची भट्टी होते. माझ्या पेट्या पूर्वेच्या भिंतीला, छज्ज्याखाली आहेत. बाहेरून चुन्याचा हात मारलेल्या.

पण पेटी हे शेवटचं काम. आधी फवारणी थांबवावी लागते, नाहीतर पाकोळीला खायलाच काही उरत नाही. मग रात्री फुलणारी झाडं: रातराणी, निशिगंध, प्राजक्त, बुच. त्यांच्या वासावर पतंग येतात. पसरट टाक्यात पाणी ठेवायचं, कारण वाघूळ उडता उडता पाण्यावर तोंड टेकवून पितं. आणि अंगणातला दिवा बंद ठेवायचा. हे घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड, सापविंचवाची भीती खरीच असते. आमच्याकडे दिवा दारापुरता आहे, खाली तोंड केलेला. बागेत जाताना हातात टॉर्च.

मोठ्या, फळं खाणाऱ्या वाघळांबद्दल शेजारच्या काकूंचा राग वेगळाच. ती वड-पिंपळावर लटकतात आणि रात्री पेरूवर उतरतात. वन्यजीव कायद्यानंही त्यांना कावळ्या-उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकलं होतं. 2022 च्या दुरुस्तीनं ती यादीच गेली. काकू निपाह विषाणूचं नाव घेतात, तेही उगाच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांमध्ये त्याच्या खुणा सापडल्याचं 2021 मध्ये जाहीर झालं. म्हणून मी त्यांना सांगतो, उष्टं फळ खायचं नाही, पडलेल्या वाघळाला उघडा हात लावायचा नाही, चावलं तर साबणानं धुवून थेट दवाखाना गाठायचा. एवढं पाळलं तर झाड तोडायची गरज नाही. उंबर-वडाचं बी दूरवर नेऊन टाकणारी हीच, मोहाची फुलं फळाला आणणारीही हीच.

झाडावर नायलॉनची जाळी मात्र नको. तिच्यात पंख गुंतून वाघूळ रात्रभर तडफडतं. काकूंनी यंदा खालच्या फांद्यांवरच्या पेरूंना कागदी पिशव्या बांधल्या आहेत. शेंड्याकडचे तेवढे वाघळांना सोडा, असं मी म्हणतो. त्या अजून राजी नाहीत.